हा कागद कोणाचा?

सोमवारी सकाळी रुपराव पौनीकर फ्रिजसमोर उभे राहून भाषण करत होते.

फ्रिजसमोर अशासाठी, की त्याच्या चकचकीत दारात माणूस कमरेपर्यंत दिसायचा आणि घरात तेवढा मोठा दुसरा आरसा नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. एकतीस वर्षं ग्रंथालयात शिपायाची नोकरी केलेला आणि निवृत्तीला सात महिने उरलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर बोलायला निघाला होता.

"नमस्कार. मी रुपराव पौनीकर. तुमी मले रोजच पाह्यता, पन..." ते थांबले. "हर्षा, ‘रोजच पाह्यता’ म्हनलं तं चालन का? का टोमना वाटन?"

हर्षा टेबलाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होती. ती कॉलेजात मराठी शिकवायची. चार वर्षांपूर्वी संसार मोडला तेव्हा टिमकी मोहल्ल्यातल्या या दोन खोल्यांत ती परत आली होती, आणि ‘काहून आली’ असं बापानं एकदाही विचारलं नव्हतं.

"वाटेल टोमणा," ती मान वर न करता म्हणाली.

"मंग राहू देतो. टोमना मारूनच घेतो." रुपराव स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

"आधी दोन घास खाऊन घ्या अवो," आतून हर्षाची आई, इंदुताई ओरडल्या. "उपाशी पोटी भाषन नाई, ढेकर निघते."

त्याचं असं झालं होतं. गेल्या जूनमध्ये ग्रंथालयाला अभिजीत सर नावाचे नवे ग्रंथपाल मिळाले. त्यांनी आल्या आल्या दारात काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी बसवली, तिच्यावर लिहिलं ‘कल्पनापेटी’. दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा भरू लागली. सभेच्या खोलीवर पाटी लागली: ‘पद बाहेर ठेवून आत या.’ ज्याला काही नवं सुचलं असेल त्यानं अर्ज भरून त्या पेटीत टाकावा, वाटल्यास सभेत उभं राहून बोलावं. मग तो उपग्रंथपाल असो की झाडणारी बाई. हर्षाच्या कॉलेजातही अशा पाट्या होत्या, त्यामुळे तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. रुपरावांनी मात्र ती पाटी वाचली आणि खरी मानली.

कारण त्यांच्याकडे खरोखरच एक कल्पना होती. सहा वर्षं ते ती गुपचूप राबवत होते.

पौनीकरांचं घर मूळचं विणकरांचं. हातमाग रुपरावांच्या तरुणपणीच विकला गेला, पण कोऱ्या सुताच्या कांड्यांनी भरलेली एक पेटी उरली होती. त्यातलं वीतभर सूत घ्यायचं आणि मागच्या दालनातल्या, कोणी हात न लावलेल्या पुस्तकाच्या पाठीच्या शिवणीत ओवायचं. खाली लोंबतं ठेवायचं. पुस्तक परत आलं की वाचकाला विचारायचं, "शेवटपर्यंत वाचलं का?" वाचलं असेल तर त्यानं आपल्या हातानं त्या सुताला एक गाठ मारायची. नसेल वाचलं तर नाही मारायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढचा माणूस पुस्तक उचलतो, सुतावरून बोट फिरवतो, आणि नऊ गाठी लागल्या तर त्याला कळतं की नऊ माणसं हे पार करून गेली आहेत.

"तारखेचा शिक्का काय सांगते?" रुपराव म्हणायचे. "किती लोक घरी घेऊन गेले. घरी नेऊन वाचलं, का त्याच्यावर चहाचा कप ठेवला, थे कुठं सांगते? गाठ कोनी फुकटची मारत नाई."

मागच्या ग्रंथपालांनी ‘पुस्तकं विद्रूप केली’ म्हणून एकदा अकरा सुतं कात्रीनं कापली होती. रुपरावांनी ‘हो साहेब’ म्हटलं आणि महिन्याभरात पुन्हा ओवली. आता अशी बेचाळीस पुस्तकं झाली होती.

हे सगळं अर्जात लिहायचं होतं. रविवारी दुपारी ते लेकीसमोर दीड तास बोलले. पहिली गाठ मारणारे एसटीचे रिटायर कंडक्टर, ज्यांना एक पुस्तक संपवायला अठरा दिवस लागले आणि गाठ मारून झाल्यावर जे म्हणाले, आता दुसरं द्या. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातली मुलगी, जी दुपारी गिऱ्हाईक नसताना थानांच्या आडोशाला वाचते आणि इतकी बारीक गाठ मारते की नखानं शोधावी लागते. एक गृहस्थ, ज्यांनी न वाचताच गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सोडवून गेले: "भाऊ, झोप नाई लागली."

हर्षानं ऐकलं आणि टाइप केलं. तयार झाला तो एकपानी अर्ज. ‘वाचक-सहभागावर आधारित शिफारस-प्रणाली.’ ‘वाचनाची पूर्णता हा देवघेवीच्या नोंदीपेक्षा अधिक विश्वासार्ह निर्देशक ठरतो.’ त्यात कंडक्टर नव्हते, कापडदुकानातली मुलगी नव्हती, झोप न लागलेले गृहस्थ नव्हते. खाली ‘नाव व पद’ असा रकाना होता, तो तिनं कोरा ठेवला.

"नाव नाई टाकलं?" रुपरावांनी विचारलं होतं.

"मुद्दामच. नाव आणि पद दिसलं की वाचणारच नाहीत. आधी वाचू द्या त्यांना."

त्यांनी थोडा विचार केला. "हुशार आहे बावा माझी पोरगी," असं म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता.

आणि आता, सोमवारी, त्यांना बोलायचंही होतं.

"बाबा, कागद दिला की झालं ना," हर्षा म्हणाली. "वर बोलायची काय गरज?"

"अवं, कागद लय चांगला आहे. पन त्याच्यात कंडक्टर नाई."

"तिथं कंडक्टरचं काय काम?"

"त्याचंच तं काम आहे समदं." रुपराव फ्रिजकडे पाठ करून वळले. "मी काई मोठं बोलत नाई. पाच मिन्टं. कंडक्टरचं सांगतो, त्या पोरीचं सांगतो, अन् मंग बसून जातो."

"तुम्ही भरकटता. एक सांगायला जाता आणि दहा सांगता. मग लोक..."

"लोक काय?"

तिच्या डोळ्यांसमोर ती खोली आली. टाय लावलेले, लॅपटॉप उघडून बसलेले लोक, आणि त्यांच्यासमोर हातवारे करत ‘मले’, ‘तुले’ म्हणणारे, मध्येच स्वतःच्या विनोदाला हसणारे बाबा. तिनं लाल पेन पुढच्या उत्तरपत्रिकेवर ठेवलं.

"काही नाही. कागद द्या आणि शांत बसा. माझं ऐका."

रुपरावांनी शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हनते तं नाई बोलत."

संध्याकाळी ते संत्री घेऊन आले. चपला काढता काढता म्हणाले, "वाचला कागद. टाळ्या वाजल्या."

"कोणी वाचला?"

"पियूष सायबानं. उपग्रंथपाल. आवाज चांगला आहे त्याचा."

"मग सांगितलंत ना, तुमचा आहे म्हणून?"

"तूच तं म्हने, शांत बसा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. त्यांनी एक संत्रं सोललं, अर्ध्या फोडी तिच्या उत्तरपत्रिकांवर ठेवल्या, आणि इंदुताईंनी ‘कागदावर कायले ठेवता’ म्हणून ओरडल्यावर उचलून तिच्या हातात दिल्या.

"उद्या जाऊन सांगा मग," हर्षा म्हणाली.

"सांगीन ना. उद्या कुठं पळून राहिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ते नळाशी कोसळले. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत डोळे उघडे होते. दुपारी बारा वाजायच्या आधी सगळं संपलं होतं.

*

दहाव्याला घाटावरून परत आल्यावर अभिजीत सरांचा फोन आला.

"हर्षाताई, आम्ही सगळेच हादरलोय. रुपरावजी म्हणजे आमच्या कुटुंबाचा घटक. शनिवारी श्रद्धांजली सभा ठेवतोय. वहिनींना घेऊन या. आणि एक, त्याच दिवशी आमचा नवकल्पना गौरव सोहळा आहे. पाहुणे ठरले आहेत, हॉल सजलेला असेल. तर दोन्ही एकत्रच करू, असं सगळ्यांचं मत पडलं. दुःखाचंही आपण सकारात्मक ऊर्जेत रूपांतर केलं पाहिजे ना?"

हर्षाला शिसारी आली ती त्यांच्या निर्लज्जपणाची तर होतीच, पण त्याहून जास्त त्या वाक्याची होती. ते वाक्य ओळखीचं होतं. कॉलेजच्या समित्यांसाठी तिनं स्वतः अशी डझनावारी वाक्यं लिहिली होती, प्रत्येकात कोणाचं तरी काहीतरी कशात तरी रूपांतरित होत असे.

"गौरव कोणाचा आहे?" तिनं विचारलं.

"पियूषचा. वाचकांनी पूर्ण वाचलेल्या पुस्तकांवर खूण करायची, अशी फार सुंदर कल्पना त्यानं डेव्हलप केली आहे. तुम्हाला आवडेल बघा, तुम्ही साहित्यातल्या."

फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. इंदुताई तांदूळ निवडत होत्या.

"कोन होतं?"

"ग्रंथालयातून. शनिवारी बाबांची सभा ठेवली आहे."

इंदुताईंचा चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा जरा सैलावला. "आठवन ठेवली त्यायनं. पाय, मोठी मानसं आहेत. जाऊ आपन." मग म्हणाल्या, "बोलाले लावतीन का तुले?"

"लावतील."

"मंग चांगलं बोलजो. तुह्या बापाले लय हौस होती."

हर्षा बोलणारच होती. तिनं दोन दिवस मनात वाक्यं घासली. रविवारची फाइल तारीख आणि वेळेसकट तिच्या फोनमध्ये होती. ती हॉलमध्ये उभी राहील, आवाज चढवणार नाही, आणि एवढंच म्हणेल की गौरव झालेली कल्पना गेलेल्या माणसाची आहे, आणि तुम्ही त्याच्याच फोटोसमोर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता आहात. मग खाली बसेल. पुढं त्यांच्या चेहऱ्यांचं काय व्हायचं ते होवो.

*

हॉलमध्ये पाय ठेवताच वास आला. ताज्या फ्लेक्सचा, रूम फ्रेशनरचा आणि कुठूनतरी समोशांच्या तेलाचा. खुर्च्यांना पांढरी सॅटिनची कापडं आणि मागं सोनेरी बो. मंचामागच्या फ्लेक्सवर बल्बचं चित्र होतं, बल्बच्या आत मेंदू. ‘नवकल्पना गौरव सोहळा.’ त्याच्या खाली, शेवटच्या क्षणी चिकटवलेल्या पट्टीवर, ‘व श्रद्धांजली’.

रुपरावांचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी तशीच होती, तिच्यावरून झेंडूचा हार. इंदुताईंनी फोटोला नमस्कार केला आणि पदरानं त्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा पुसला.

"या ना काकू," म्हणत एक तिशीतला माणूस पुढं आला आणि त्यांच्या पाया पडला. हाच पियूष. नम्र, स्वच्छ दाढी केलेला, निळ्या जाकिटातला. "काका आमचा आधार होते. मला कोणतंही पुस्तक सापडलं नाही की मी त्यांनाच हाक मारायचो."

इंदुताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हर्षाला तो हात तिथून उचलून घ्यावासा वाटला.

शेवटच्या रांगेत बायजाबाई बसल्या होत्या. त्या ग्रंथालयाची झाडलोट करायच्या, वीस वर्षांपासून. त्यांनी लांबूनच हात जोडले. त्यांच्या मांडीवर चहाचा थर्मास होता, कारण चहा त्यांनाच द्यायचा होता. पद बाहेर ठेवून आत येण्याची सोय थर्मासला नसावी.

दोन मिनिटांचं मौन जेमतेम चाळीस सेकंदांत आटोपलं. तेवढ्यातही कोणाच्या तरी फोनवर भजनाची रिंगटोन वाजली. मग अभिजीत सर बोलले. रुपरावजी म्हणजे निष्ठा, रुपरावजी म्हणजे वक्तशीरपणा, एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही. एकही तक्रार नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं, जसं काही एखाद्या पंख्याबद्दल बोलत होते.

"आणि आता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकाएकी उजळला, "आपण पुढं पाहू या!"

पडद्यावर स्लाइड आली. पियूष माईकशी आला.

"आपला वाचक पुस्तक निवडतो कसा? अंदाजानं. आपण त्याला विश्वासार्ह माहिती देतो का? नाही. मित्रहो, वाचनाची पूर्णता हा देवघेवीच्या नोंदीपेक्षा अधिक विश्वासार्ह निर्देशक ठरतो."

हर्षानं ते लगेच ओळखलं. तिचं वाक्य. जसंच्या तसं, त्याच ठेक्यात. तिनं ते रविवारी दुपारी बाबांच्या आवाजावर टाइप केलं होतं, बाबा तेव्हा कापडदुकानातल्या मुलीच्या बारीक गाठीबद्दल सांगत होते. आता ते एका परक्या तोंडातून बाहेर पडत होतं आणि त्या तोंडाला ते अगदी बेमालूम बसत होतं.

"सुरुवातीला सूत आणि गाठ अशी एक प्राथमिक संकल्पना होती. पण त्यात पुस्तकाला धोका, शिवाय वाचकाला काउंटरवर थांबवून प्रश्न विचारायचा म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होतं. म्हणून आपण हे टॅग आणलेत." पडद्यावर नारिंगी प्लास्टिकच्या चकत्या दिसल्या. "वाचक मोबाइलवर एक बटण दाबेल, आपला कर्मचारी टॅग लावेल. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. झिरो इंटरॅक्शन!"

टाळ्या वाजल्या. इंदुताईंनीही वाजवल्या. त्यांना काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण सगळे वाजवत होते.

हर्षानं डोळे मिटून घेतले. माणसाला माणसानं विचारावं एवढंच तर त्या कल्पनेत होतं. तेवढंच नेमकं काढून टाकून उरलेलं सालपट यांनी पडद्यावर लावलं होतं आणि आता त्याला शाल पांघरणार होते.

प्रमुख पाहुणे वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तोवर चहा, असं जाहीर झालं. हर्षा उठली आणि थेट पियूषकडे गेली. तो समोशाची प्लेट हातात घेऊन उभा होता.

"ही कल्पना तुमची आहे?" तिनं विचारलं.

तो जरा गोंधळला. "टीमची म्हणा ना, मॅडम. मूळ कागद पेटीतून आला होता. मी तो फक्त पुढं नेला."

"कागद कोणाचा होता, विचारलंत कधी?"

"विचारलं ना." तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला त्याच्याकडे बघावं लागलं. "सभेतच. वाचून झाल्यावर मी विचारलं, हा कागद कोणाचा? नाव नाहीये यावर. दोनदा विचारलं. सरांनीही विचारलं. कोणी हातच वर केला नाही. भाषा पाहून आम्हाला वाटलं, रितिका मॅडमचा असेल, त्या पीएचडी करतायत. त्या म्हणाल्या, माझा नाही. मग सर म्हणाले, कोणी हक्क सांगत नाही तर पियूष, तूच पुढं ने." त्यानं प्लेट खाली ठेवली. "का हो मॅडम? तुम्हाला माहीत आहे कोणाचा ते?"

"सूत ओवलेली बेचाळीस पुस्तकं तुमच्याच ग्रंथालयाच्या मागच्या दालनात आहेत. ती कोणी ओवली, हे तरी कळलं नाही तुम्हाला?"

"मागच्या दालनात? मॅडम, तिकडे आम्ही कोणी फारसं जात नाही." मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "काका? पण... पण ते समोरच बसले होते. दुसऱ्या रांगेत. मी त्यांच्याकडे पाहूनच विचारलं होतं."

हर्षा वळली. तिच्या मागं बायजाबाई चहाचा कागदी कप धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घे पोरी," त्या म्हणाल्या.

"बायजाबाई, तुम्ही होत्या त्या दिवशी?"

"होती ना. तुह्या बापाच्या बाजूलेच बसली होती. त्या सायबानं इचारलं तशी मी त्यायले कोपर मारलं. म्हनलं, भाऊ, उठा ना गा, तुमचंच तं होय हे! दोरे ओवताना मी पाह्यलं नाई का तुमाले?" बायजाबाईंनी आवाज खाली आणला. "तं ते हळूच म्हने, ‘नाई बाई. पोरगी नाई म्हने. थे शिकलेली आहे, तिले समजते कुठं बोलाव अन् कुठं नाई.’"

"आणि?"

"अन् काय? समद्यायनं टाळ्या वाजवल्या तं त्यायनंबी वाजवल्या. लय जोरात वाजवल्या पोरी. मले म्हने, ‘पाय, कागद कसा मस्त लिहला हर्षानं.’"

कपाच्या काठाला साखरेचा चिकट थर होता. तो हर्षाच्या बोटांना लागला आणि तिनं कप तसाच खिडकीत ठेवून दिला.

दोन दिवस घासलेली वाक्यं एकेक करून गळून पडली. चोरी झाली होती असं तिला वाटत होतं. चोरी कुठं झाली होती? माणूस समोर बसला होता, त्याला तोंडावर विचारलं होतं, आणि त्यानं हात मांडीवरच ठेवला होता, कारण त्याच्या लेकीनं सकाळी सांगितलं होतं. यांचा आंधळेपणा खराच होता. पुस्तकांच्या मागच्या दालनात जायला यांना वेळ नव्हता, आणि पीएचडीच्या भाषेमागं शिपाई असू शकतो हे यांच्या स्वप्नातही आलं नसतं. पण ते तिच्याही स्वप्नात आलं नसतंच की. म्हणून तर तिनं त्याचं सगळं बोलणं काढून टाकलं होतं. कंडक्टर ठेवले असते, ती मुलगी ठेवली असती, एक वाक्य जरी त्यांच्या तोंडचं ठेवलं असतं, तर झाडणाऱ्या बाईपासून सरांपर्यंत सगळ्यांनी कागद ओळखला असता. तिनं तो इतका स्वच्छ केला होता की त्याच्यावर कोणीही नाव घालावं.

या हॉलची, या बल्बची, त्या नारिंगी चकत्यांची आलेली किळस गेली नाही. ती तिथंच राहिली. फक्त आता ती तिला स्वतःचीही आली होती.

"रुपरावजींच्या कन्या, प्राध्यापिका हर्षाताई," माईकवरून अभिजीत सरांचा आवाज आला. "पाहुणे येईपर्यंत त्या दोन शब्द बोलतील."

ती मंचावर गेली. माईक तिच्या उंचीपेक्षा वर होता, पियूषनं लगबगीनं येऊन तो खाली केला. पहिल्या रांगेत इंदुताई पदर सावरून, मान जराशी उंच करून बसल्या होत्या. लेक चांगलं बोलणार होती.

"ज्या कल्पनेचा आज गौरव आहे," हर्षा म्हणाली, "ती माझ्या वडिलांची आहे. सहा वर्षं ते मागच्या दालनात हे काम करत होते. पुस्तकं तिथंच आहेत, जाऊन पाहा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अभिजीत सर अर्धवट उठले आणि कुठं जावं हे न कळून पुन्हा बसले.

"पियूष यांनी काही चोरलं नाही. त्यांनी विचारलं होतं. कागदावर नाव नव्हतं, कारण मी ते घातलं नव्हतं. बाबांना बोलायचं होतं. त्यांनी तयारी केली होती. मी सांगितलं, बोलू नका." तिनं पहिल्या रांगेत आईकडे पाहिलं. "मी त्यांना म्हटलं, नाव पाहिलं तर लोक वाचणार नाहीत. म्हटलं, तुम्ही भरकटता. ते खोटं होतं."

तिनं समोरच्या लोकांवरून नजर काढली आणि बाजूच्या फोटोकडे वळली. माईकपासून तोंड दूर गेलं होतं, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. कॉलेजात वापरायची ती भाषा तिच्याजवळ उरली नव्हती. लहानपणी ती ज्या भाषेत बापाशी भांडायची, तीच आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी बरोबर बोलत होते. मलेच तुमची लाज वाटत होती."